कंपनीच्या कळीच्या यंत्रणा : एका यादीचा इतिहास

संगणक खोलीभर आकाराचे होते, तेव्हा त्यांची यादी लेखा विभागाकडे असे. खरेदीची तारीख, किंमत आणि घसारा एवढे नोंदले की काम भागत असे, कारण यंत्रे मोजकी होती आणि जे महाग तेच महत्त्वाचे हा हिशेब बहुधा बरोबर ठरत असे. पुढे संगणक टेबलाटेबलावर आले, एकमेकांना जोडले गेले आणि किंमत व महत्त्व यांची सांगड सुटली. नोंदवही मात्र बराच काळ जुन्याच वळणाची राहिली.

तिला पहिला मोठा धक्का बसला तो २००० सालच्या धास्तीने. वर्षासाठी दोनच अंक राखलेले प्रोग्राम शतक बदलताच चुकतील हे लक्षात आल्यावर आपल्याकडे नेमके काय काय चालते, याचा शोध कंपन्यांना घ्यावा लागला. सगळेच प्रोग्राम मुदतीत दुरुस्त होण्यासारखे नव्हते. त्यामुळे कोणते बंद पडले तर धंदा थांबेल आणि कोणते महिनाभर नसले तरी चालेल, अशी प्रतवारी करणे भाग पडले. माझ्या मते कळीच्या यंत्रणा ओळखून त्यांची यादी करण्याची खरी सुरुवात इथे आहे.

प्रतवारीला नियमांचे रूपही त्याच सुमारास येऊ लागले. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या 'बीएस ७७९९' या माहिती-सुरक्षा मानकाचा वारसा २००५ मध्ये 'आयएसओ २७००१' या आंतरराष्ट्रीय मानकाकडे आला. मालमत्तेची यादी ठेवावी आणि प्रत्येक नोंदीला जबाबदार व्यक्ती असावी, ही अपेक्षा त्यातून रूढ झाली. अमेरिकी सरकारच्या २००४ च्या 'फिप्स १९९' या मानकाने तर किमतीचा विचारच बाजूला ठेवला. माहितीची गोपनीयता, अखंडता (म्हणजे तिच्यात परस्पर बदल न होणे) किंवा उपलब्धता गेली तर होणारे नुकसान कमी, मध्यम की गंभीर, एवढेच त्यात विचारलेले आहे.

एवढे असूनही काय निसटते, हे २७ जून २०१७ रोजी दिसले. 'नॉटपेट्या' या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे काही तासांत निकामी केले. अनेक सर्व्हरचे बॅकअप सापडले, पण कोणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणाऱ्या डोमेन कंट्रोलरचा एकही बॅकअप हाती लागेना. असे कंट्रोलर जगभर दीडशेच्या आसपास होते आणि ते एकमेकांच्या प्रती राखत असल्याने वेगळा बॅकअप लागणार नाही असे धरलेले होते; सगळे एकदम पुसले जातील हा विचारच त्यात नव्हता. अखेर घानामधील कार्यालयात एक शाबूत सापडला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. तिथले इंटरनेट इतके मंद होते की डेटा माणसाकरवी विमानाने ब्रिटनला न्यावा लागला. त्यानंतर सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करण्यात आले. त्यामागे लोकांनी उपसलेले कष्ट पाहिले, की यादीतली एक चुकलेली ओळ केवढी जड असते हे जाणवते.

त्याच वर्षी इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. वेब-प्रणाली उभारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'अपाचे स्ट्रट्स' या सॉफ्टवेअरमधील त्रुटीवरचा उपाय मार्चमध्येच उपलब्ध होता. परंतु ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका जुन्या प्रणालीत ते सॉफ्टवेअर आहे हे वेळीच लक्षात आले नाही. नेटवर्कमधील माहितीच्या रहदारीवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदतही कित्येक महिन्यांपूर्वी संपलेली होती, त्यामुळे सांकेतिक रूपातली रहदारी त्याला तपासता येत नव्हती. जुलैअखेर ते बदलताच संशयास्पद हालचाल दिसू लागली.

डिसेंबर २०२१ मध्ये प्रोग्रामच्या कामकाजाची नोंद ठेवणाऱ्या 'लॉग४जे' या फुकट मिळणाऱ्या लहानशा सॉफ्टवेअर-घटकात गंभीर त्रुटी निघाली, तेव्हा यंत्रांची यादी असलेल्या कंपन्यांनाही तो घटक आपल्याकडे कुठे आहे, हे चटकन सांगता येईना. सॉफ्टवेअरच्या आतील घटकांची स्वतंत्र सूची मागण्याचा आग्रह त्यानंतर वाढला. युरोपीय संघात १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या 'डोरा' या डिजिटल कामकाजाच्या भक्कमपणाविषयीच्या कायद्याने वित्तीय संस्थांना आपली महत्त्वाची कामे निश्चित करून, ती ज्या बाहेरील तंत्रज्ञान पुरवठादारांवर उभी आहेत त्यांच्याशी झालेल्या करारांचीही नोंदवही ठेवणे बंधनकारक केले आहे.