शिळाछाप की खिळाछाप?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाच्या माळ्यावरून जुनी छापील पोथी निघाली की घरातलं एखादं जाणतं माणूस लगेच सांगतं, "शिळाछाप आहे." पुष्कळदा ती दगडावर नव्हे, खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर छापलेली असते. नावांचं यमक जुळतं, म्हणून हा घोटाळा. पान उलटून मागून बोट फिरवा. खिळ्याचा दाब कागदाच्या पाठीवर लागतो, शिळेच्या पानाची पाठ बहुधा सपाट असते. शिवाय शिळेवरचा मजकूर हातानं लिहिलेला, त्यामुळे दोन 'क' कधी तंतोतंत सारखे नसतात.

खिळा म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी ओतून केलेलं एकेक सुटं अक्षर. युरोपात हे तंत्र गुटेनबर्गनं १४५० च्या सुमारास बसवलं. आपल्याकडे विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं, तेही तिकडे बंगालात, श्रीरामपूरला.

माझ्या मामांच्या छापखान्यात ट्रेडल, म्हणजे पायानं चालणारं छपाईयंत्र होतं. खिळे जुळवणारे जुळारी उलटी अक्षरं सरळ वाचावीत तशी वाचायचे. लग्नसराईत 'श्री' आणि 'चि.' चे खिळे सगळ्यात आधी झिजत. पत्रिकेचा मजकूर बांधूनच ठेवलेला असे, नावं आणि तिथी तेवढी बदलायची. एक अक्षर चुकलं तर चिमट्यानं खिळा उपसून दुसरा बसवायचा. खिळ्यांची खरी गंमत हीच!

शिळेवर ही सोय नाही, पण खिळे ओतवायचा खर्चही नाही. तिची युक्ती साधी: तेल आणि पाणी एकत्र येत नाही. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट शाईनं लिहायचं, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, अक्षरांवर धरते. जर्मनीतल्या सेनेफेल्डरनं हे १७९६ च्या सुमारास शोधलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळेवरच. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली असं सांगतात.

आता खरी फसगत ऐका. आजची ऑफसेट छपाई म्हणजे खिळ्यांची सुधारलेली आवृत्ती, असं आमच्याकडे बहुतेकांना वाटतं. पण ऑफसेट नातू आहे शिळेचा. दगडाच्या जागी पातळ पत्रा आला, मधे रबराचा रूळ आला, तेल-पाण्याचं भांडण मात्र तेच. खिळे नव्हे, दगड जिंकला.

मामांचे खिळे किलोच्या भावानं भंगारात गेले. ट्रेडल अजून आहे. कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या बिलबुकांवर नंबर टाकायला आणि पावतीला फाडायची रेघ पाडायला त्याच्याशिवाय भागत नाही.