अर्धं डोकं आणि पाकिटावरचं अर्धं नाव

आमची आई मेडिकलवर आपल्या अर्धशिशीच्या गोळीचं नाव कधी सांगायचीच नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यातून पाकिटाचा कापलेला तुकडा काढायचा आणि काउंटरवर ठेवायचा, एवढंच. सुट्ट्या दोन गोळ्या मागितल्या की मेडिकलवाला कात्रीनं पाकीट कापून देतो. त्यामुळे त्या तुकड्यावर नावातली मधलीच तीन अक्षरं उरलेली, आणि मुदतीची तारीख भलत्याच कुणाच्या घरी गेलेली. तरी अठरा वर्षं परभणीत याच तुकड्यावर भागलं. गेल्या वैशाखात दुकानातल्या पोरानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काकू, ही बंद झाली आता. वरूनच माल येईना गेलाय. तसलीच दुसरी देऊ का?"

त्या 'तसलीच'मध्ये सगळी गोम आहे. तसली म्हणजे कशी? डोकेदुखीवरची, एवढ्यापुरती तसली, की आतलं औषधही तेच? पोरानं दिली ती आईनं घेतली. रात्री डोकं उठलं, गोळी घेतली, उलटी झाली, आणि सकाळी कपाळाला फडकं घट्ट बांधून ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. खिडकीवर चादर टाकलेली. "गोळी खोटी निघाली," म्हणाली.

गोळी खोटी नव्हती, निव्वळ पॅरासिटामॉल होती. जुन्या गोळीचं एक अख्खं पाकीट मामाच्या घरी सापडलं तेव्हा मी पहिल्यांदा त्याची मागची बाजू वाचली. आत चार औषधं होती: अर्गोटामाइन १ मिलिग्रॅम, कॅफिन १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम आणि उलटी थांबवणारं प्रोक्लोरपेराझिन. म्हणजे त्या दिवशी चौघांपैकी तिघे रजेवर होते.

यातलं पहिलं नाव आईला, तिच्या नकळत, लहानपणापासून माहीत होतं. तिचं माहेर गेवराई तालुक्यातलं. पेरणीच्या आधी आजोबा दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचं बियाणं टाकायचे. वर तरंगून येईल ते काढून टाकायचं, खाली बसलेलं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. वर येणाऱ्या त्या काळपट गाठी म्हणजे अरगट. बाजरी फुलोऱ्यात असताना कणसातून मधासारखा गुलाबीसर चिकट थेंब गळायला लागतो, पुढे दाण्याच्या जागी बुरशीची गाठ धरते. बाजरीवरची ही बुरशी आणि युरोपात राय नावाच्या धान्यावर येणारी बुरशी एकाच घराण्यातल्या. मात्र दोघींची विषं वेगळी आहेत, त्यामुळे बाजरीच्या अरगटात औषध शोधायला कुणी जाऊ नये. युरोपात अरगट लागलेलं पीठ खाऊन माणसांची बोटं काळी पडून गळायची, कारण त्या बुरशीतली द्रव्यं रक्तवाहिन्या आवळतात. १९१८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे आर्थर स्टोल यांनी त्यातलं अर्गोटामाइन शुद्ध रूपात वेगळं केलं. आधी ते बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला वापरत. १९२०च्या दशकात ते अर्धशिशीवर आलं. १९३८ मध्ये ग्रॅहम आणि वुल्फ या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं, की हे औषध दिल्यावर कानशिलावरच्या रक्तवाहिनीचे ठोके मंदावतात आणि तसतसा ठणकाही उतरतो.

त्यावरून बरीच वर्षं असं मानलं गेलं, की शिरा फुगतात म्हणून डोकं दुखतं. आज चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणांची संवेदना वाहून नेणारी एक नस आहे, ट्रायजेमिनल. अर्धशिशीच्या झटक्यात तिची टोकं सीजीआरपी नावाचं एक प्रथिन सोडतात. त्यानं वाहिन्या रुंदावतात, पण मुख्य म्हणजे वेदनेचा निरोप मोठा होऊन मेंदूकडे जातो. मग उजेड टोचतो, कुकरची शिट्टी डोक्यात घुसते, फोडणीचा वासही नको होतो. झटक्याच्या वेळी मानेतल्या शिरेच्या रक्तात हे प्रथिन वाढलेलं असतं, हे गोड्सबी आणि एडव्हिन्सन यांनी १९९० मध्ये दाखवलं. त्या कामाच्या जोरावर याच प्रथिनाला अडवणारी नवी औषधं आली. २०१८ पासून ती बाजारात आहेत, फक्त आपल्याकडच्या साध्या घराला परवडत नाहीत.

आणि पित्त? आमच्या भागात हे दुखणं निम्म्या घरांत 'पित्ताचं डोकं' म्हणूनच ओळखलं जातं. डोकं दुखायलंय, मळमळायलंय, उलटी झाली की बरं वाटायलंय, म्हणजे पित्तच की! तर्क चुकीचा आहे, पण मूर्खपणाचा नाही. फक्त कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली आहे. मळमळ पोटातून डोक्यात चढत नाही, ती मेंदूतूनच सुरू होते, आणि झटका आला की जठराचं काम मंदावतं. गोळी शोषली जाते ती मुख्यतः आतड्यात. जठरच थांबलं तर गोळी तिथेच बसून राहते आणि बहुतेकदा उलटीत बाहेर पडते. त्या रात्री आईचं हेच झालं. म्हणून अर्धशिशीच्या गोळीबरोबर डॉक्टर उलटी थांबवून जठराला चालना देणारं डोम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड देतात, आणि म्हणूनच 'बघू, थांबतंय का' म्हणत दोन तास काढण्यापेक्षा दुखणं अंगात भिनायच्या आत गोळी घ्यायला सांगतात. सकाळच्या उपाशीपोटीच्या अ‍ॅसिडिटीच्या गोळीनं अर्धशिशी जात नाही.

गोळ्या बंद का होतात, याची उत्तरं बरीच आहेत. काही वेळा औषधच धोक्याचं निघतं. मेथिसर्जाइड हे अर्धशिशी टाळण्यासाठीचं गुणकारी औषध होतं, पण दीर्घकाळ घेणाऱ्यांत काहींच्या पोटाच्या मागच्या भागात, मूत्रनलिकांभोवती तंतूंचं जाळं धरायला लागलं, आणि ते मागे पडत गेलं. काही वेळा सरकार थांबवतं. जून २०१३ मध्ये अ‍ॅनाल्जिन या वेदनाशामकावर बंदी आली आणि काही महिन्यांत ते अटींसह परत आलं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रानं ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. वेगवेगळी औषधं एकाच गोळीत कोंबण्याला वैद्यकीय आधार नाही, असं त्यामागचं कारण होतं, आणि माझ्या मते यातल्या बऱ्याच मिश्रणांबाबत ते रास्तच होतं. पण कित्येकदा कारण अगदी रुक्ष असतं: कच्चा माल महागला, खप घटला, कंपनीनं तो माल काढणं सोडलं. अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं, किंमत बांधून दिलेलं औषध बंद करायचं तर २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कंपनीला सहा महिने आधी सरकारला कळवावं लागतं आणि जाहीर सूचनाही द्यावी लागते. यादीबाहेरच्या गोळीला हे बंधन नाही. तिची बातमी मेडिकलच्या काउंटरवरच कळते.

गोळी बंद झाल्यावरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात नाजूक. इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. डोकं उठल्यावर घ्यायची गोळी वेगळी आणि डोकं उठू नये म्हणून रोज घ्यायची वेगळी. रोजच्या गोळीत प्रोप्रॅनोलॉल असेल आणि ती मिळेना, तर 'जाऊ दे' म्हणून एकदम सोडायची नाही. छातीत धडधड वाढते, हृदयाचा त्रास असलेल्याला तर जिवावर बेतू शकतं. टोपिरामेट एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं मिळतंय का ते त्याच दिवशी बघायचं, नाहीतर डॉक्टरांना फोन करायचा.

आईची गोळी रोजची नव्हती, निदान आमचा तसा समज होता. तिच्या अंगात मात्र १०० मिलिग्रॅम कॅफिनची सवय मुरलेली होती. दोन-अडीच कप चहाएवढं कॅफिन एका गोळीत असतं. चहा चुकला की डोकं चढतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याचंच हे थोरलं रूप. कॅफिन तुटल्यापासून १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि ते दोन ते नऊ दिवस टिकू शकतं. त्या आठवड्यात माणूस घाबरून हाताला लागेल ती गोळी घेत सुटतो, आणि खरी फसगत तिथेच होते.

नांदेडच्या न्यूरॉलॉजिस्टनी पहिल्या भेटीत तपासणीपेक्षा हिशेबच जास्त विचारला. महिन्यातून किती दिवस गोळी घेता? आई म्हणाली, "चार-पाच." त्यांनी कालनिर्णयावर खुणा करायला सांगितलं. दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी तिनं टिंबं द्यायला सुरुवात केली: डोकं उठलं की एक, गोळी घेतली की त्याभोवती गोल. ज्येष्ठाच्या अखेरीस तेरा गोल झाले. अर्गोटामाइन, ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्या औषधांचा एक गट) किंवा मिश्र वेदनाशामक महिन्यातून दहा दिवस, आणि साधं पॅरासिटामॉल पंधरा दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी जन्माला घालायला लागते. औषध उतरलं की डोकं उठतं, डोकं उठलं की औषध. ते तोडायचं तर सुरुवातीचे दोन ते दहा दिवस दुखणं उलट वाढतं. आईचे सहा दिवस गेले. त्या दिवसांत माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं, अंधारी खोली आणि घरात दबक्या आवाजात चाललेला टीव्ही. आमच्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

मग बदली गोळी. डॉक्टरांनी तेच मिश्रण दुसऱ्या कंपनीचं शोधायला साफ नकार दिला. जुन्या गोळीची एक बाजू आम्हाला तेव्हा कळली. अर्गोटामाइन हातापायाच्या वाहिन्याही आवळतं. आईची बोटं बारमाही गार असायची, ती आम्ही अशक्तपणाच्या खाती टाकली होती. शिवाय क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक सोबत घेतली तर अर्गोटामाइन शरीरातून बाहेर पडत नाही, आणि बोटं काळी पडण्याचा तो जुना प्रकार आजही घडू शकतो. खोकल्यासाठी दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलं आणि घेत असलेली गोळी सांगितली नाही, तर त्यांना हे कसं कळणार?

तिला सुमाट्रिप्टान दिलं. ते १९९१ पासून वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपल्या अत्यावश्यक यादीत घेतलं. ते सीजीआरपी सुटण्याला आळा घालतं आणि फुगलेल्या वाहिन्याही आकसवतं. म्हणून आधी बीपी मोजलं, ईसीजी काढला. हृदयविकार, लकव्याचा झटका येऊन गेलेला किंवा बीपी आटोक्यात नाही, अशांना ते देत नाहीत. जपून ठेवलेली जुनी अर्गोटामाइनची गोळी आणि हे, यांत किमान २४ तासांचं अंतर हवं. दोन्ही वाहिन्याच आवळतात. सोबत रोजचं प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं, दमा नाही याची खात्री करून. रिझाट्रिप्टान का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, प्रोप्रॅनोलॉल चालू असलं की त्याचा डोस निम्मा करावा लागतो, यांच्या बाबतीत हा घोळ नको. एका ट्रिप्टाननं गुण आला नाही तर दुसऱ्यानं येऊ शकतो, हेही त्यांनीच सांगितलं. पहिल्या दोन खेपांना आईला गुण आला नाही, कारण ती जुन्या सवयीनं कळ काढत बसली होती. तिसऱ्या वेळी भाकरी अर्धवट ठेवून उठली आणि गोळी घेतली, तेव्हा तासाभरात उजेडात येऊन बसली.

ज्यांना डॉक्टरपर्यंत पोचायलाच आठवडा लागतो, त्यांच्यासाठी साधी औषधं अगदीच कुचकामी नाहीत. पूर्ण डोसचं विद्राव्य अ‍ॅस्पिरिन किंवा ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन लवकर घेतलं तर अनेकांना पुरतं. पण जठराचा अल्सर, किडनीचा त्रास, गरोदरपण असेल तर नाही, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन नाहीच. पावसाळ्यात ताप आणि डोकेदुखी एकत्र असेल तर डेंग्यूची शंका फिटेपर्यंत या दोन्हींना हात लावायचा नाही, रक्तस्रावाचा धोका असतो. डोकं विजेसारखं एकदम फुटलं, मान ताठली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखायला लागलं, तर गोळी कुठली हा प्रश्नच नाही. सरळ दवाखाना गाठायचा.

श्रावण संपेपर्यंत गोल चारांवर आले. कालनिर्णय खाली काढून आई टिंबं बघत बसली होती, तेव्हा एक गोष्ट तिच्याच लक्षात आली. दर महिन्याला एक टिंब संकष्टीच्या चौकोनात, नाहीतर त्याच्या दुसऱ्या दिवशी. चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेलीच होती: रात्रीचे नऊ, साडेनऊ. तोपर्यंत पोटात नुसता चहा. जेवणाची वेळ चुकणं ही अर्धशिशीला आवतण देणारी सगळ्यात जुनी गोष्ट. नांदेडच्या डॉक्टरांनी ती पहिल्याच दिवशी सांगितली होती आणि आईनं हो-हो म्हणून सोडून दिली होती.

तुळजापूरच्या देवीचे नऊ दिवस ती लग्नाआधीपासून धरत आलेली. यंदा घट बसायच्या आदल्या दिवशी शाबूदाण्याची यादी करताना म्हणाली, "एकच किलो आण. मी उठता-बसता धरायलेय."