नाइटिया

नाइटिया ही लहान अस्थिमत्स्यांची नामशेष प्रजाती असून ठाणे-नवी मुंबईच्या बाजारात येणारी तारली आणि पाला ज्या क्लुपिफॉर्मिस गणात मोडतात, त्याच गणात तिचा समावेश होतो. तिचे बहुतेक जीवाश्म अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील ग्रीन रिव्हर शैलसमूहात, म्हणजे प्राचीन तळ्यांत साचलेल्या थरांत, इओसीन काळातील सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकात सापडतात. पुराजीवशास्त्रज्ञ जोसेफ लेडी यांनी १८५६ मध्ये या माशाचे वर्णन हेरिंगच्या क्लुपिया प्रजातीत केले होते. पुढे १९०७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी भूवैज्ञानिक विल्बर नाइट यांच्या नावावरून ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली.

हा मासा साधारण वीतभर किंवा त्याहून लहान असे आणि क्वचितच २५ सेंमी.पर्यंत वाढे. नाइटिया इओसीना ही जात सडपातळ होती, तर नाइटिया आल्टा पाठीपासून पोटापर्यंत अधिक रुंद होती. डोक्याच्या मागून पाठीवर आणि पोटाच्या कडेने जाणाऱ्या कठीण खवल्यांच्या रांगा ही तिची ठळक खूण होय.

तळ्यातल्या अन्नसाखळीत नाइटियाचे स्थान खालचे होते, आणि त्यातच तिचे महत्त्व आहे. डिप्लोमिस्टस या मोठ्या माशाच्या तोंडात अडकलेली नाइटिया दाखवणारे जीवाश्म मिळाले असल्यामुळे कोण कोणाला खात होते, हे तर्काने नव्हे, थेट पुराव्याने सांगता येते. काही थरांत एकाच फरशीवर शेकडो मासे दाटीने पडलेले दिसतात. पाण्याच्या तापमानात किंवा प्राणवायूच्या प्रमाणात अचानक बदल होऊन थवेच्या थवे मेले असावेत, असे मानतात. तळाशी प्राणवायू कमी असल्याने मृत मासे कुरतडणारे जीव तेथे फारसे नसत आणि बारीक गाळाखाली काटान्‌काटा टिकून राहिला. हे जीवाश्म इतके विपुल आहेत की त्यांची सर्रास विक्री होते. १९८७ मध्ये वायोमिंगने नाइटियाला राज्य जीवाश्माचा दर्जा दिला.

ठाण्याच्या परिसरात असे मासे खडकात सापडण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. पारसिकचा डोंगर दख्खनच्या लाव्हापासून झालेल्या बेसाल्टचा आहे आणि तापलेल्या लाव्हात माशाचे शरीर टिकत नाही. लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील काळात साचलेल्या गाळात मात्र जीवाश्म राहू शकतात. मुंबईत वरळीला मिळालेले बेडकांचे जीवाश्म अशाच थरांतील आहेत.