भूमीवरचा उतारा: घरबसल्या काय मिळतं, कशासाठी कचेरी गाठावी लागते

कर्नाटकात शेतजमिनीचा उतारा म्हणजे आरटीसी. बेळगाव-खानापूरकडे कुणी त्याला पहाणी म्हणतं, कुणी सरळ सातबारा. या नोंदी महसूल खात्याच्या ‘भूमी’ या ऑनलाइन प्रणालीत असतात. घरून तिथं फक्त वाचता येतं. एक अक्षरही बदलता येत नाही. ‘ऑनलाइन नाव चढवून देतो’ असं सांगत पैसे मागणाऱ्याला म्हणूनच दारातूनच परत पाठवा.

पाहायला पात्रता लागत नाही, कागदपत्रंही नाहीत. जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर, मग सर्नोक (सर्व्हे नंबरापुढची जोडखूण) आणि हिस्सा निवडायचा. सर्नोकच्या खान्यात बहुधा नुसती चांदणी (*) दिसते, तीच घ्या. माणसं अडतात ती होबळीपाशी. ती जुन्या उताऱ्यावर छापलेली असते. निपाणी भागातल्या जुन्या कागदांवर चिकोडी तालुका असेल, पण आता शोधायचं निपाणी तालुक्यात.

उतारा कन्नडमध्येच येतो. वाचता येत नसेल तर निदान दोन रकाने कुणाकडून तरी समजून घ्या: ९ मध्ये मालकाचं नाव नि क्षेत्र, ११ मध्ये इतर हक्क आणि बोजा. क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं, ४० गुंठ्यांचा एकर. पडद्यावरची प्रत फक्त माहितीपुरती. बँकेला किंवा कोर्टात द्यायची तर शुल्क भरून अधिकृत प्रत काढा. फेरफार कुठवर आला तेही घरून पाहता येतं.

वारसनोंदीसाठी, म्हणजे पौती खात्यासाठी, मात्र नाडकचेरी, म्हणजे होबळीचं महसूल कार्यालय, गाठावी लागते. अर्ज कायदेशीर वारसानं करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, वंशावळ, चालू उतारा आणि वारसांची आधार कार्डं. मृत्यू कोल्हापूरच्या दवाखान्यात झाला असेल तर दाखला तिथूनच आणावा लागतो, कारण नोंद मृत्यू झाला तिथं होते. चंदगड-गडहिंग्लजला दिलेल्या बहिणींची नावं वंशावळीत गाळू नका. हक्क त्यांचाही आहे, आणि हरकत आली की साधा फेरफार वादाचा होऊन तहसीलदारांपुढं जातो. तिथला निकाल पटला नाही तर प्रांतांकडे अपील.

खरेदीचं काम त्यामानानं सोपं. सब-रजिस्ट्रारकडे दस्त नोंदला की माहिती आपोआप भूमीकडे जाते. सर्व्हे नंबरातला तुकडाच विकायचा असेल तर आधी मोजणी करून ‘११ ई’ नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, काढून घ्या. त्याशिवाय दस्तच होत नाही.