सादळणं आणि भिजणं: पहिल्या सापाची पेटी मांडताना

पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर पापड सकाळपर्यंत सादळतो. त्याच्यावर पाण्याचा थेंबही पडलेला नसतो; नुसत्या हवेनेच तो मऊ पडतो. भिजलेला पापड वेगळा, त्याचा लगदाच होतो. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, आणि मी तर रत्नागिरीत वाढलेली. तरीही इंग्लंडमध्ये लेकीसाठी बॉल पायथन आणला तेव्हा पहिले काही महिने मी सापाला भिजवत राहिले आणि समजत राहिले की मी हवा दमट ठेवते आहे.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप, घाना-टोगो-बेनिन पट्ट्यातला. अजगरांच्याच कुळातला, पण लहान. पूर्ण वाढलेली मादीसुद्धा चार ते पाच फुटांची. दिवसाचा वेळ तो उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात काढतो. नागपंचमीला आपण वारुळाची पूजा करतो, पण आतली हवा कशी असेल याचा विचार मी कधी केला नव्हता. बाहेर गवताळ रान कोरडंठाक पडलेलं असतं, तेव्हाही बिळात हवा दमट असते. आणि तरी तिथे चिखल नसतो. साप बसतो ती माती हाताला कोरडीच लागते. दमट हवा आणि कोरडी बैठक, हे दोन्ही एकत्र साधायचं. पेटी मांडण्यातला अवघड भाग हाच, बाकीचं सोपं आहे.

(भारतातल्या वाचकांसाठी: आपल्याकडचा अजगर, धामण, नाग यांपैकी कोणताही साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतो, म्हणून 2024 च्या नियमांनुसार त्याची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते.)

हवा कोरडी पडली की ते कातेवर दिसतं. साप कात टाकतो ती सदऱ्याची बाही उलटी करून काढावी तशी, तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड. त्याआधी डोळे दुधाळ-निळसर होतात, कारण जुन्या आणि नव्या त्वचेमध्ये द्रवाचा पातळ थर धरतो. हवा कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाला कड्यासारखी अडकून राहिली तर तिथला रक्तपुरवठा तुटू शकतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तोही मागे राहू शकतो. तो नखाने काढायला जाऊ नका, ते काम डॉक्टरांचं.

जमीन ओली राहिली की ते पोटावर दिसतं. पोटाचे रुंद खवले आधी गुलाबी-तपकिरी होतात, मग त्यांच्याखाली फोड येतात, मग खवले कुजायला लागतात. आमच्या बाबतीत हेच झालं. दुकानात सांगितलं होतं, आर्द्रता कमी दिसली की फवारा मारा. मी दिवसातून तीनदा मारत होते. फवारा मारला की आर्द्रतेच्या मीटरवरचा आकडा 85 टक्क्यांवर जायचा, अर्ध्या तासाने पुन्हा 40. मी पुन्हा फवारा घ्यायचे. एके दिवशी लेकीने साप हातात घेतला आणि म्हणाली, "आई, याचं पोट लाल का झालंय?" तो क्षण मी विसरलेली नाही. पुढचे काही आठवडे पेटीत फक्त कागद, रोज बदललेला, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. साप बरा झाला. पण सगळ्यात वाईट वाटलं ते याचं, की पोट कुजायला लागलं होतं तरी कात तुकड्यांनीच निघत होती. म्हणजे हवा कोरडी आणि जमीन ओली, दोन्ही एकाच वेळी.

हे कसं होतं ते कळलं की पुढचं सगळं सुटतं. मीटरवरचे टक्के म्हणजे हवेत किती पाणी आहे ते नव्हे. त्या तापमानाला हवा जेवढं बाष्प धरू शकते, त्यातलं किती भरलं आहे ते. हवा तापली की तिची धरण्याची ताकद वाढते आणि बाष्प तेवढंच असूनही टक्के घसरतात. बाहेर 5 अंश सेल्सियस आणि 90 टक्के आर्द्रता असलेली हिवाळी हवा घरात येऊन 21 अंशांपर्यंत तापली की 32 टक्क्यांच्या आसपास उतरते. तीच हवा पेटी तापवणाऱ्या दिव्याखाली 32 अंशांवर गेली की सतराच्या जवळ. बॉल पायथनला गरम कोपऱ्यात 31 ते 33 अंश लागतात, थंड बाजूला 25 ते 27, आणि आर्द्रता साधारण 55 ते 75 टक्के. थंड देशातल्या तापवलेल्या घरात ती आपोआप मिळत नाही. कोकणात जुलैमध्ये उलट तक्रार असेल.

फवाऱ्याने वरचा थर ओला होतो, नेमका तोच जिथे साप पोट टेकतो. वरचं पाणी लगेच उडतं, मग पुन्हा फवारा. म्हणून पाणी खाली ठेवायचं. मी आता नारळाच्या सोडणांचे तुकडे आणि काथ्याचा भुसा मिसळून आठ-दहा सेंटिमीटरचा थर घालते. आजोळी सोडणं चुलीत जायची. इथे ती पिशवीत भरून विकत मिळतात. पाणी चारही कोपऱ्यांतून, कडेकडेने ओतायचं, म्हणजे ते तळाशी मुरतं. तळ ओलसर, वरचे दोन-तीन सेंटिमीटर कोरडे. तळातून बाष्प सावकाश वर येत राहतं. बोटं खुपसून पाहायचं: वर कोरडं, खाली गार लागलं पाहिजे. तळाशी पाणी साचलं तर ते जास्त झालं.

जाळीच्या झाकणातून मात्र सगळं निसटतं. दोन तृतीयांश जाळी फॉइलने झाका, दिव्याची जागा सोडून. पूर्ण बंद करू नका. हवा खेळली नाही की बुरशी धरते. पाण्याचं भांडं रुंद घ्या. कात टाकायच्या दिवसांत ओलसर शेवाळ भरलेला, एक भोक पाडलेला डबा आत ठेवा. साप हवं तेव्हा त्यात जातो, हवं तेव्हा बाहेर येतो. सतत त्यातच बसून राहू लागला तर बाकीची पेटी कोरडी आहे, असं समजा.

काचेवर धुकं दिसलं की मी खूश व्हायचे. ते फसवं असतं. काच खोलीच्या थंडीने गार पडली की आतलं बाष्प तिच्यावर जमतं; आतली हवा पुरेशी दमट आहे का, हे त्यावरून कळत नाही.

अमेरिकेतला कॉर्न स्नेक आणणार असाल तर यातलं बरंचसं सैल धरता येईल. त्याला 40 ते 60 टक्के पुरतात. ओल्या जमिनीचा त्रास मात्र त्यालाही तसाच होतो.

राहता राहिला मीटर. काट्याचे गोल मीटर घेऊ नका, डिजिटल घ्या, आणि तो सापाच्या उंचीवर लावा, दिव्याजवळ नको. तरीही त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता तयार होते. मिठाचा तो गुणच आहे; हवा पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ पाणी ओढायला लागतं, म्हणून तर पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि आई त्यात तांदळाचे दाणे टाकायची. आमच्या मीटरने सकाळी 69 दाखवले. तेव्हापासून त्याच्या पाठीवर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर लेकीच्या अक्षरात लिहिलंय: अधिक 6.