पोलीस उत्तरदायित्व (बेळगाव सीमाभाग)

पोलिसांनी वापरलेल्या अधिकाराचा जाब त्यांना कोणी, कुठे आणि कोणत्या भाषेत विचारायचा, हे ठरवणारे कायदे, संस्था आणि ठाण्यातल्या रीती यांची मिळून झालेली व्यवस्था. भारतात सबंध देशाचे असे एकच पोलीस दल नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने पोलीस हा विषय राज्यांकडे दिला आहे. त्यामुळे सुधारणेचा हुकूम दिल्लीत निघाला तरी बेळगाव, खानापूर, निपाणीला तो बेंगळुरूमार्गेच पोहोचतो. सीमाभागात, म्हणजे महाराष्ट्रात यावा अशी मराठी भाषिकांची मागणी असलेल्या कर्नाटकातल्या पट्ट्यात, या विषयाला एक जादा पदर आहे: फिर्यादी मराठीत सांगतो आणि ठाण्यातला कागद कन्नडमध्ये तयार होतो.

पूर्वपीठिका

१८५७ नंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला. दल सरकारच्या हाताशी राहावे हा त्याचा हेतू होता. रयतेपुढे उत्तर देण्याची तरतूद त्यात नव्हती. मुंबई इलाख्याचा जिल्हा पोलीस कायदा १८९० चा, आणि स्वातंत्र्यानंतरचा मुंबई पोलीस कायदा १९५१ चा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला, पुढे १९६३ चा कर्नाटक पोलीस कायदा लागू झाला.

या बदलात एक जुने पद हरवले. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने गावोगाव पोलीस पाटील होता. महाराष्ट्राने १९६७ मध्ये नवा ग्राम पोलीस कायदा करून हे पद ठेवले. कर्नाटकात मात्र वंशपरंपरागत गावकामगारी १९६३ मध्ये संपली. महाराष्ट्रात राहिलेल्या चंदगड तालुक्यातल्या गावाला आज पोलीस पाटील आहे. हद्दीच्या अलीकडे ते पद बहुधा आडनावापुरते उरले आहे. जुना पाटील न्यायी असेच असे नाही, वतनदारीचा माज त्यालाही होता. पण तो गावात राहत होता, आणि संध्याकाळी त्याला चावडीवर गाठता येत होते.

सुधारणांचा प्रवास

१९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. हे धर्मवीर त्याआधी म्हैसूर राज्याचे राज्यपाल होते. आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले आणि ते धूळ खात पडले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिचा निकाल २२ सप्टेंबर २००६ रोजी लागला. न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांत पोलीसप्रमुखाला किमान दोन वर्षांची मुदत, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ हे निर्देश होते. सामान्य माणसाच्या सर्वांत जवळचा निर्देश पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. उपअधीक्षक आणि त्याखालच्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारी निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाने, त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या राज्य प्राधिकरणाने ऐकायच्या. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार हे प्रकार राज्य प्राधिकरणाच्या कक्षेत मुद्दाम घातले आहेत. प्राधिकरणाची शिफारस संबंधित यंत्रणेवर बंधनकारक असेल, असेही न्यायालयाने म्हटले.

कर्नाटकाने २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, महाराष्ट्राने २०१४ मध्ये. तरीही खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या किंवा निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या किती जणांना अशी एखादी संस्था आहे हे ठाऊक असेल? ज्या दाराचा पत्ता माहीत नाही, ते उघडे असून काय उपयोग.

सीमाभागातली आठवण

इथल्या माणसाच्या मनात पोलीस हा शब्द काही तारखांना बांधलेला आहे. १७ जानेवारीला १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांना हुतात्मा चौकात अभिवादन होते. १ जूनला लोक हिंडलग्याच्या स्मारकाकडे जातात. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात नऊ जण बळी पडले होते. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरला ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक न्यायालयाच्या आदेशाने काढताना लाठीमार झाला, आणि घरात शिरून मारल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी केल्या. फलक काढण्याचा आदेश न्यायालयाचा होता हे खरे. पण न्यायालयाने फलक काढायला सांगितले होते, माणसे बडवायला नव्हे. उत्तरदायित्वाचा प्रश्न नेमका या दोहोंच्या मधल्या जागेत उभा राहतो.

दुसरा अनुभव रावडी शीटचा, म्हणजे पोलिसांच्या लेखी गुंड ठरलेल्यांच्या नोंदवहीचा. ही नोंदवही पोलीस नियमपुस्तिकेनुसार ठाण्यात ठेवली जाते आणि तीत नाव चढायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. एकदा नाव चढले की १ नोव्हेंबरचा काळा दिन (बेळगाव म्हैसूरला जोडल्याच्या निषेधाचा) किंवा बेळगावातले विधानसभेचे अधिवेशन जवळ आले की ठाण्यातून बोलावणे येते, जामीनपत्र लिहून द्यावे लागते. चळवळीतल्या तरुणाच्या दृष्टीने ही खटल्याविना भोगलेली शिक्षाच आहे.

खटला भरायचा म्हटला तर १९६३ च्या कायद्याचे कलम १७० आडवे येते: कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यासाठीही सरकारची पूर्वपरवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये या कलमाचा अर्थ लावताना म्हटले, की कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर अधिकार ओलांडला गेला असला तरी परवानगी हवीच. संबंधच नसेल तर नको.

भाषा आणि अंतर

प्रथमखबर लिहून झाल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. न कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवलेला कागद वाचून दाखवला असे कसे म्हणावे? स्थानबद्धतेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितले. अटकेच्या कारणांबाबत २०२५ मध्ये पुन्हा तेच बजावले. बेळगावात जबाबावर सही करण्यापूर्वी ‘मराठीत सांगा’ म्हणणे हा म्हणूनच हक्क आहे, हट्ट नव्हे.

अंतराचा प्रश्न थोडा सुटला. पूर्वी उच्च न्यायालयासाठी सुमारे पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूला जावे लागे. धारवाडचे खंडपीठ २००८ मध्ये सुरू झाले आणि २०१३ मध्ये कायम झाले.

अलीकडच्या घडामोडी

डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. त्यानंतर १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावले, तेव्हा कायदा-सुव्यवस्थेसाठी ज्येष्ठ आयपीएस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली समिती नेमायचे ठरले. पुढच्याच डिसेंबरात बेळगाव तालुक्यातल्या वंटमुरी इथे एका महिलेला विवस्त्र करून खांबाला बांधले गेले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि संबंधित ठाण्याचा निरीक्षक निलंबित झाला. तिथे भाषेचा वाद नव्हता. पोलीस वेळेवर न पोहोचण्याची झळ कन्नड आणि मराठी घराला सारखीच बसते.

तक्रारदाराला आज काय करता येते

ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर तिचा मजकूर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर नोंद सक्तीची आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २०१३ चा निकाल आहे. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण शक्यतो अठरा महिने जपावे, हा आदेश डिसेंबर २०२० चा. मात्र ते पुसले जाण्याआधी मागणीचा अर्ज जावा लागतो. टपालाची पावती आणि अर्जाची तारीख-शिक्का असलेली प्रत जपून ठेवावी.