वाचिक तप (खानदेशातील परंपरा)

वाचिक तप : बोलणे हीच साधना मानून जिभेवर ठेवलेला ताबा. गीतेच्या सतराव्या अध्यायातील पंधराव्या श्लोकात त्याची लक्षणे येतात : ऐकणाऱ्याला उद्वेग न देणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे, जोडीला स्वाध्याय. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेच्या विवेचनात हाच धागा पुढे जातो. साधूचे बोल खरे, मवाळ, मोजके आणि रसाळ असतात, कारण मनातच जे नाही ते वाचेला उमटणार कुठून, असे ज्ञानदेव विचारतात.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत हा विचार रुजला तो मुख्यतः मुक्ताबाईंमुळे. इ. स. 1297 मध्ये तापीकाठी त्या अंतर्धान पावल्या, असे परंपरा मानते. मुक्ताईनगर तालुक्यातील कोथळी आणि मेहूण येथे त्यांची मंदिरे आहेत. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे. ज्ञानदेवांना मायना काय लिहावा हे न सुचून कोरे पत्र पाठवणारे योगी चांगदेव यांचेच नाव या गावाला आहे. त्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली गेली.

लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने त्यांना विनवले. ते ताटीचे अभंग. लोकांच्या शब्दांची शस्त्रे झाली तरी संतांनी तो उपदेश मानावा, असे त्यांत सांगितले आहे. गोडगोड बोलणे म्हणजे शुद्ध वाणी, असा अर्थ मात्र या अभंगांतून निघत नाही. मुक्ताबाई थोरल्या भावाला स्पष्ट सुनावतात. त्या सुनावण्यात राग नाही, म्हणून ते तपात बसते. अहिराणी किंवा लेवा गणबोलीतला रोखठोकपणा परक्याला उद्धट वाटतो, तो ऐकतानाही हा भेद ध्यानात ठेवायला हवा.

आसोद्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी ही कसोटी थेट कपाशीच्या शेतातून घेतली :

बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनू नही
हरी नामाईना बोले, त्याले तोंड म्हनू नही

वाचिक तप सांगणाऱ्या गीतेचा या भागाशी आणखी एक संबंध आहे : 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून ती टिकली.

गावोगावच्या हरिनाम सप्ताहात या तपाचा प्रत्यक्ष सराव होतो. वीणेचा पहारा रात्रंदिवस चालतो. वीणा गळ्यात असेपर्यंत नामाखेरीज बोलायचे नसते. पाणी हवे असले तर पहारेकरी हाताने खुणावतो. वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. पुढचा पहारेकरी पाया पडून ती गळ्यात घेतो आणि मगच पहिला मोकळा होतो. माळ घालतानाही मांस-मद्य वर्ज्य करण्याबरोबर खोटे बोलणे व परनिंदा सोडण्याचा नेम सांगितला जातो. मांस-मद्य सुटते, परनिंदा सोडणे सर्वांत अवघड, असे जुने माळकरी सांगतात.